पहिला क्लास लावण्याआधी: मराठवाड्यात कुस्ती, ज्युदो, कराटे निवडताना

जूनमध्ये शाळा उघडल्या की लातूरच्या मैदानावर पालकांची ये-जा वाढते. परवा औशाकडच्या एक ताई आल्या, सोबत अकरा वर्षांची लेक. "सर, हिला कराटे लावू का तायक्वांदो? कोणतं चांगलं?" मी विचारलं, "घरापासून पायी किंवा सायकलवर जाता येईल असं तुमच्याकडं काय काय आहे?" ताईंना वाटलं मी उत्तर टाळतोय. पण माझ्या मते निवडीची सुरुवात इथूनच होते. जगातली सगळ्यात भारी कला चाळीस किलोमीटरवर असेल, तर ती श्रावणापर्यंतसुद्धा टिकत नाही. एसटी चुकते, पाऊस येतो, घटक चाचणी येते आणि क्लास सुटतो.

मी स्वतः निलंगा तालुक्यातल्या एका गावच्या तालमीत कुस्ती शिकलो, कॉलेजात ज्युदोकडं वळलो आणि आता संध्याकाळी लेकरांना शिकवतो. त्यामुळं या लेखात कुस्ती-ज्युदोकडं माझा ओढा दिसेल, ते मी आधीच सांगून ठेवतो.

आधी कारण ठरवा

कशासाठी शिकायचंय, याचं एका वाक्यातलं उत्तर वहीत लिहा. तब्येतीसाठी, स्वसंरक्षणासाठी, स्पर्धेसाठी, नोकरीसाठी की लेकराचा मोबाईल सुटावा म्हणून. सगळी कारणं चांगलीच आहेत, फक्त त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

नोकरीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त फसगत होते. पोलीस भरतीची तयारी करणारी किती तरी पोरं ब्लॅक बेल्टच्या मागं लागतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक असते. तिथं लाथ कुणी बघत नाही. भरतीच करायची असेल तर पहाटे ट्रॅकवर पळा, मार्शल आर्ट जोडीला ठेवा. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण ते मिळतं मान्यताप्राप्त खेळातल्या, ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर, आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. क्लासनं छापलेलं रंगीत सर्टिफिकेट आणि बेल्ट यांचा त्याच्याशी संबंध नाही. कुणी "आमच्याकडं बेल्ट घेतला की नोकरीत फायदा" म्हणालं, तर थेट जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचंही तिथंच कळतं. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्यांची चढण आहे. लेकराला स्पर्धा खेळवायची असेल तर आपला खेळ त्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी पाहा.

जवळ काय आहे ते हिंडून बघा

गावात किंवा शेजारच्या गावात तालीम असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मारुतीच्या देवळामागं, पत्र्याच्या शेडमध्ये, कधी कुणाच्या शेतात. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा कराटे आणि तायक्वांदो सापडतात, शाळेच्या हॉलमध्ये किंवा मंगल कार्यालयात, लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी. ज्युदो, बॉक्सिंग, वुशू (चिनी युद्धकला) यांच्यासाठी साधारणपणे जिल्ह्याचं क्रीडा संकुल गाठावं लागतं. छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे आणि विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे. पण प्राधिकरणाचं केंद्र निवड होऊन आलेल्या खेळाडूंसाठी असतं, पहिलं पाऊल टाकणाऱ्याला ते उपयोगाचं नाही.

नांदेडकरांकडं एक वेगळीच गोष्ट आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळं तिथं गतक्याची परंपरा आहे. होळीच्या सुमारास येणाऱ्या शिखांच्या होला महल्ला सणाच्या वेळी ती रस्त्यावर पाहायला मिळते. गतका म्हणजे लाकडी काठी आणि ढालीचा खेळ, त्यामागं तलवारीची विद्या आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांब, केरळचं कलरीपयट्टू आणि मणिपूरचं थांग-ता यांच्यासोबत त्यालाही जागा मिळाली. नांदेडात राहत असाल आणि शिकवणारं कुणी भेटलं, तर कराटेचा क्लास लावण्याआधी हे एकदा पाहाच.

माझा साधा हिशोब असा: घरातून निघून वीस मिनिटांत पोचता येतं अशा ठिकाणांची यादी करा. बहुधा दोन किंवा तीनच नावं निघतील. निवड त्यातूनच करायची आहे.

कोणाचा स्वभाव कसा

ढोबळमानानं दोन घराणी आहेत: पकडीची आणि मारण्याची.

कुस्ती आणि ज्युदो पकडीच्या घराण्यातल्या. यांचा मोठा गुण असा की सराव खराखुरा होतो. समोरचा गडी पूर्ण ताकद लावतो, तुम्हीही लावता, आणि तरी दोघं संध्याकाळी धडधाकट घरी जातात. एखादा डाव आपल्याला येतो की नाही, हे त्याच दिवशी कळतं. कुस्तीत पहिले काही महिने डाव कमी आणि मेहनत जास्त: जोर, बैठका, सपाट्या, आणि हौदा, म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा, उकरणं. ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल माती चाळून घेतात, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात आणि रोज लढतीआधी ती फावड्यानं खालून वर उकरतात. कंबर, खांदे, मनगट यांचा व्यायाम त्या उकरण्यातच होतो. नीट उकरलेल्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पडलं तरी लागत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तेव्हा, आमच्या वस्तादांनी महिनाभर लढती बंद ठेवल्या होत्या. मातीवर शिंपडायला पाणी नव्हतं आणि कोरड्या, दडस मातीवर पोरं पाडायची नाहीत, असं ते म्हणाले. महिनाभर आम्ही फक्त जोर मारले. चांगला वस्ताद कसा असतो, हे मला त्या महिन्यात कळलं.

मराठवाड्यात कुस्तीची वाट तुडवलेली आहे, हाही एक फायदाच. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली घडला, पुढं लातूरच्याच काका पवारांकडं शिकला, 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण घेऊन आला आणि ते पदक त्यानं दिवंगत बिराजदारांना अर्पण केलं. माळेगावच्या यात्रेपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत फड भरतात, हलगी वाजते, नवख्या पोरांच्या जोडी लागतात. पहिल्या वर्षातच लोकांसमोर उतरायची संधी दुसऱ्या कोणत्याही खेळात इतकी सहज मिळत नाही. एवढं मात्र विचारून घ्या की तालमीत मॅटही आहे का. मातीत चितपट झाल्यावर निकाल लागतो. मॅटवर गुण मोजतात, ठरावीक मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि चाल वेगानं करावी लागते. शालेय आणि पुढच्या स्पर्धांची वाट मॅटवरूनच जाते.

ज्युदो जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानात उभा केला. जाड कापडाचा ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा गणवेश, धरून समोरच्याला फेकायचं, जमिनीवर दाबून धरायचं. कुस्ती येणाऱ्याला ज्युदो लवकर समजतो. ज्यांना लंगोट-माती नको वाटते, विशेषतः शहरातल्या मुलींना, त्यांच्यासाठी पकडीच्या घराण्यात शिरायचा हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे.

मारण्याच्या घराण्यात कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, किक बॉक्सिंग. तायक्वांदो कोरियाचा, भर लाथांवर; 2000 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लवचिकपणा आणि पायांचा वेग हवा असेल, लेकरू चपळ असेल तर उत्तम. कराटे ओकिनावाचा. शोतोकान, गोजू-रयू, शितो-रयू अशा त्याच्या शाखा आहेत, पण आपल्या गावात कोणती शाखा आहे यापेक्षा शिकवतं कोण, याला जास्त महत्त्व द्या. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये एकदाच कराटे होता. बॉक्सिंगमध्ये शिकायला चार-पाचच ठोसे, पण पायांची हालचाल आणि दम यांत वर्षं जातात. दम वाढवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. लहान लेकरांना मात्र डोक्यावर मार नको. बारा-तेरा वर्षांपर्यंत बॉक्सिंग शिकवायचंच असेल तर दोरी, बॅग आणि पॅडवर भागवावं, असं माझं ठाम मत आहे.

कोणत्या कलेनं कोण हरतं, असले व्हिडिओ बघत बसू नका. तुम्हाला अजून नीट पडताही येत नाही.

एक आठवडा नुसतं बघा

पैसे भरण्याआधी तीन वेळा जाऊन कडेला बसा. त्यातलं एकदा तरी न सांगता. बसू देत नसतील तर तिथंच विषय संपवा.

मी एकोणीस वर्षांचा असताना दुसऱ्या शहरात एका किक बॉक्सिंगच्या क्लासला गेलो. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकानं मला दोन वर्षं जुन्या पोरासमोर उभं केलं. दातांत गार्ड नव्हता, पोरगा माझ्याहून पंधरा किलोंनी जड. त्याच्या लाथेसमोर मी हात आडवा घातला आणि करंगळीशेजारचं बोट मोडलं. प्रशिक्षक म्हणाला, "सवय होईल." तीन आठवडे प्लास्टर होतं. ते बोट आजही थंडीत आखडतं. मी आधी दोन दिवस कडेला बसलो असतो, तर नवख्यांना तिथं असंच उतरवतात हे दिसलं असतं.

तेव्हा कडेला बसून काय बघायचं? सगळ्यात चांगल्या पोराकडं बघू नका. सगळ्यात कच्च्या पोराकडं बघा. जाड, घाबरलेला, मागं राहणारा एक तरी असतोच. प्रशिक्षक त्याच्याशी कसं बोलतो, त्याला कुणाशी जोड लावतो, तो चुकला की बाकीची पोरं हसतात का आणि हसली तर प्रशिक्षक काय करतो. तासाभरात क्लासचा स्वभाव कळतो.

मग बाकीचं बघा. सुरुवातीला अंग मोकळं करून घेतात की थेट सुरुवात. वजन आणि वय बघून जोड्या लावतात का. मॅटच्या फटी टेपनं बांधल्यात का, कारण त्या फटीत पायाचा अंगठा अडकतो. प्रथमोपचाराची पेटी आहे का आणि तिच्यात पट्टी, बर्फाचा स्प्रे खरोखर आहे का. पोरं "थांब" म्हणाली की समोरचा थांबतो का. पकडीच्या खेळात हात दोनदा थोपटला की तत्काळ सोडायचं असतं. तिथं अर्धा सेकंद जरी कुणी उशीर करत असेल आणि प्रशिक्षक गप्प असेल, तर पुन्हा तिकडं फिरकू नका.

शेवटी प्रशिक्षकाला विचारा: तुम्ही कुणाकडं शिकलात, किती वर्षं, कोणत्या संघटनेशी जोडलेले आहात? चांगला माणूस आनंदानं सांगतो, आपल्या वस्तादाचं नाव घेताना कानाला हात लावतो. "सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

पैशांचे प्रश्नही याच वेळी विचारून घ्या. महिन्याची फी किती, बेल्ट परीक्षेची वेगळी किती आणि ती वर्षातून किती वेळा, गणवेश त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो का, स्पर्धेचा प्रवासखर्च कोण करतं. कित्येक ठिकाणी महिन्याची फी कमी आणि बेल्ट परीक्षेची मोठी असते. ती कळल्यावर शेतकरी बापाच्या पोराला मधूनच सोडावं लागतं, आणि ते लेकरू त्यात स्वतःलाच कमी समजायला लागतं. गावच्या तालमीत बहुतेक वेळा फी नसतेच. नारळ, तेल आणि मेहनत एवढंच मागतात.

मुलींच्या पालकांसाठी

क्लासमध्ये आणखी मुली आहेत का, कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का, क्लास सुटल्यावर अंधार असतो का. पकडीच्या खेळात अंगाला हात लागणारच. पण डाव शिकवताना प्रशिक्षकानं आधी सांगून, सगळ्यांसमोर, दुसऱ्या मुलीवर दाखवून शिकवावा. एकटीला थांबवून घेणं, खासगी मेसेज करणं, "घरी सांगू नको" म्हणणं, यातलं एकही दिसलं तर क्लास त्याच दिवशी बंद करा. लेकरासाठी 1098 आणि तातडीला 112 हे नंबर घरात सगळ्यांना पाठ असू द्या. पालकांना दारात बसू देणारा क्लास मुलगा असो वा मुलगी, दोघांसाठीही चांगला.

पहिला महिना

दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, बीपी, शुगर, जुनं गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच जा आणि प्रशिक्षकालाही पहिल्याच दिवशी सांगा. पस्तिशी-चाळिशीत सुरू करणारेही येतात. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस पुरेसे मानावेत.

सामान लगेच घेऊ नका. पहिले पंधरा दिवस ट्रॅक पँट आणि कॉटनचा टी-शर्ट चालतो. बॉक्सिंगला हाताच्या पट्ट्या आणि दातांचा गार्ड मात्र स्वतःचाच हवा. तो कुणाकडून मागून घेऊ नये.

सगळ्यात आधी पडायला शिका. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, नजर पोटाकडं. मग मागं लोळायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, अंगापासून थोडे लांब, मॅटवर आपटायचे. फाडकन् आवाज आला पाहिजे. हनुवटी सुटली की डोकं आपटतं. हात मागं टेकवला की मनगट जातं. ही दोनच कारणं नवख्यांच्या बहुतेक दुखापतींमागं मी पाहिली आहेत. उकिडव्यानं जमलं की उभ्यानं, मग बाजूला, मग पुढं लोळण. याला तीन आठवडे लागले तरी लागू द्या. हे कराटेवाल्यांनीही शिकावं. दुचाकीवरून घसरल्यावर लाथ उपयोगी पडत नाही, हनुवटी छातीला लावायची सवय उपयोगी पडते. औशाची ती लेक शेवटी घराजवळच्याच ज्युदोच्या वर्गात जायला लागली. तिच्या आईचा फोन आला: "सर, ही सकाळपासून गादीवर नुसती पडतीय, काही बिघडलं का हिचं?" मी म्हटलं, "पडू द्या ताई, फक्त गादीखालची फरशी तेवढी बघा."

पहिल्या आठवड्यात मांड्या आणि खांदे इतके दुखतील की जिना उतरवणार नाही. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. पण सांधा दुखला, सुजला, किंवा एकाच जागी टोचल्यासारखं दुखत राहिलं, तर सराव थांबवा. ही दोन दुखणी वेगळी आहेत. त्यांतला फरक ओळखायला शिकणं पहिल्या महिन्यातलं मोठं काम आहे.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या पुढं जातो आणि पत्र्याचं शेड संध्याकाळी सातलाही भट्टीसारखं असतं. त्या दिवसांत सराव सकाळी साडेसातच्या आत उरकायचा. पाणी घोट घोट घ्यायचं, सोबत चिमूटभर मीठ-साखर किंवा ताक. चक्कर, मळमळ, घाम एकदम थांबणं, ही धोक्याची खूण आहे. पोराला लगेच सावलीत आडवं करा, ओल्या कपड्यानं अंग पुसा आणि दवाखाना गाठा.

तालीम आणि मॅटवर गजकर्ण फार पसरतं. सराव संपल्यावर लगेच साबणानं आंघोळ, लंगोट-टॉवेल स्वतःचा, नखं कापलेली. अंगावर गोल चट्टा दिसला की बरं होईपर्यंत लढत बंद. मेडिकलमधून मनानं मलम घेऊ नका. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमानं चट्टा आधी फिका पडतो आणि मग दुपटीनं पसरतो.

खुराकाचा बाऊ नको. जवारीची भाकरी, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. बदाम-थंडाई ऐपत असेल तर घ्या. कुणी पावडरचा डबा किंवा इंजेक्शन पुढं केलं, तर ते ठिकाण सोडा आणि घरी सांगा.

स्वसंरक्षण म्हणजे काय

याचसाठी येणारे बरेच असतात, म्हणून स्पष्ट सांगतो. तीन महिन्यांत कुणीही चाकूवाल्याला अडवायला शिकत नाही. तसं शिकवतो म्हणणारा तुमच्या लेकराचा जीव धोक्यात घालतोय. तीन महिन्यांत मिळतं ते असं: कुणी मनगट धरलं तर गोठून न जाणं, मोठ्यानं ओरडणं, ढकललं तर पडून लगेच उठणं आणि पळणं. पळणं हा पहिला डाव आहे. तो रोज शिकवणारा प्रशिक्षक मला आवडतो.

तीन महिन्यांनी

निवड चुकली असं वाटलं तर आठव्या दिवशी बदलू नका, तीन महिने द्या. दुखापत, अपमान किंवा वर सांगितलेली धोक्याची खूण असेल तर मात्र त्याच दिवशी. तीन महिन्यांनी वहीतलं पहिल्या दिवशीचं वाक्य काढून वाचा. त्या कारणासाठी अजून जावंसं वाटतंय का? लेकराला विचारताना "आवडतं का" एवढंच विचारू नका, तिथं कुणाशी मैत्री झाली तेही विचारा. ज्याचा तालमीत एक तरी दोस्त आहे, ते पोर पावसातही जातं.

सोडायचं ठरलं तर फोन बंद करून गायब होऊ नका. स्वतः जा, वस्तादांच्या पाया पडा, काय बदलतोय आणि का, ते सांगा. कुस्तीतून ज्युदोला, ज्युदोतून कुस्तीला आलेल्या पोरांना दोन्हीकडचे गुरू लागतात. मी ज्युदोला जातो म्हणून सांगायला गेलो तेव्हा आमच्या वस्तादांनी हौद्यातली चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "सुट्टीत आलास की इथल्या पोरांना तिकडचं पडणं शिकव."